काळी दोनचा तंबोरा

या आठवड्यापासून अमरावतीच्या रस्त्यांवर पुन्हा कापूस दिसू लागला आहे. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधून निसटलेले पुंजके बाभळीच्या काट्यांना लटकतात, सायकलच्या साखळीत अडकतात. वाचनालयात खिडकीजवळ बसलं, तर एखादा हलकेच येऊन वहीवर टेकतो. शैला तो फुंकून टाकते. मला ते जमत नाही. मी पान उलटेपर्यंत त्याला तिथेच राहू देते.

शैला माझी वर्गातली मैत्रीण. सध्या ती गिटार शिकते आहे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवतात, ती. नागपूरच्या दुकानात टांगलेली तयार गिटार घ्यावी की कलकत्त्याच्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घ्यावी, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. बनवून घेतलेली बरीच महाग. काल तिने मला विचारलं, "तारा तर त्याच ना गं? मग एवढं जास्तीचं कशाचं?" मी नुसती हसले. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते एका वाक्यात सांगता येणारं नव्हतं. ते सांगायला एक अख्खा हिवाळा लागला असता, आणि तास सुरू व्हायला दोनच मिनिटं उरली होती.

तो हिवाळा अकोल्याचा. महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीचा. माझी शाळा सिस्टरांची, इंग्रजी. शेवटची परीक्षा डिसेंबरात संपली आणि कॉलेज थेट जूनमध्ये. चारचौघांत मराठी बोलताना माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होई. ते उलटवून, त्याला नीट मराठी कपडे घालून बाहेर आणेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. मग मी गप्पच राही. लोकांना तो गर्व वाटे. बाबांना काळजी वाटे. त्यांनी मला आत्याकडे पाठवून दिलं, चार माणसांत राहिली तर बोलायला लागेल म्हणून.

त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. आत्या माझ्याहून गप्प होती.

चाळिशीची, उंच, शांत बाई. बोलायची ती कुजबुजल्यासारखं. नोकरांना हाक मारायची वेळ आली तर उठून त्यांच्याजवळ जायची. याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. आत्याचा आवाज फार खालचा होता. तिच्या लहानपणी आमच्या घरी ती आत बसून भजन म्हणत असली, की बाहेरच्या बैठकीत पाहुणे विचारत, गळा चांगला आहे, कोण, थोरले चिरंजीव का? तिला शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. अकोल्यात आल्यावर शेजारच्या वकिलीणबाईंनी एका हळदीकुंकवात तिला गाताना ऐकलं आणि हसत हसत नाव ठेवलं, जिनाचा भोंगा. कापसाच्या गावात जिनिंगचा भोंगा सकाळी कामगारांना उठवतो, दुपारी सोडतो. सगळ्यांना हसू आलं. आत्याही हसली. त्यानंतर बारा-तेरा वर्षं ती चारचौघींत गायली नव्हती.

पण घरात, दुपारी, दार लावून ती गात असे. लग्नात मिळालेला एक तंबोरा होता तिच्याजवळ. दुकानातला, तयार. भोपळ्यावर पांढरी चकचकीत वेलबुट्टी आणि दांडीवर दोन मोर. बायकांचा म्हणून घेतलेला, त्यामुळे आकाराने लहान आणि बायकांच्या नेहमीच्या उंच पट्टीसाठी बांधलेला. आत्या त्याच्या तारा आपल्या आवाजापर्यंत उतरवी, आणि इतक्या उतरवल्या की त्या सैल पडत. ओल्या दोरीवर टिचकी मारावी तसा आवाज निघे. चढवल्या तर तंबोरा छान बोले, पण आत्याचा गळा ताणला जाई आणि मानेच्या शिरा दिसत. दोघांपैकी एकालाच सुख.

हे पहिल्यांदा ओळखलं ते मास्तरांनी. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. आठवड्यातून दोनदा ते आत्याला शिकवायला येत. त्यांनी तिची पट्टी कशी शोधली, ते मी पाहिलं आहे. तिला गायला सांगितलंच नाही. म्हणाले, अंगणाच्या टोकाला गडी उभा आहे असं समजा आणि त्याला हाक मारा. आत्या लाजली. मास्तर थांबून राहिले. शेवटी तिने हाक मारली, आणि मास्तरांनी पेटीवर एकच पट्टी दाबली. काळी दोन, एरवी पुरुष गातात ती. म्हणाले, बाई, तुमचं घर इथे आहे. इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या घरी भाड्याने राहून राहिल्या.

मग त्यांनीच मिरजेच्या एका कारागिराला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर कार्डावर आलं. गाणाऱ्याची पट्टी कळवा. मांडी घातल्यावर जमिनीपासून कानापर्यंतचं अंतर कळवा. हाताची बोटं लांब की आखूड, तेही कळवा. हे सगळं त्या हिवाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. मी सुट्टीला तिथेच होते, म्हणून माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. घरात टेप सापडेना. मी सुताचा दोरा घेतला, आत्याच्या मांडीपाशी धरला, कानापाशी गाठ मारली, आणि मास्तर म्हणाले की आकडा कशाला, दोराच पाठवू. तो दोरा पाकिटातून मिरजेला गेला. आमच्या शाळेत एक पियानो होता. त्यापुढे आम्ही सगळ्या मुली ओळीने उभ्या राहायचो, आणि ज्यांचा गळा त्याच्याशी जुळत नसे त्या मागच्या रांगेत जायच्या. वाद्य माणसाचं माप मागतं, हे मला नवं होतं. ते कार्ड पाहून मला, का कोण जाणे, आत्याचा हेवा वाटला.

दिवाळीपर्यंत तंबोरा आला नाही. मधे एक कार्ड आलं, भोपळा अजून पुरता वाळलेला नाही, घाई करू नये. मी डिसेंबरात पोचले त्याच आठवड्यात लाकडी खोका स्टेशनवर उतरला.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, खोका उघडताना जवळ उभे होते. त्यांची दर्यापूरच्या बाजूला काळी जमीन, घरात बारा महिने कापसाच्याच गोष्टी. माणूस प्रेमळ, पण बोलणं वखराच्या फासासारखं, खरडत जाणारं. त्यांनी गवत बाजूला सारून तंबोरा पाहिला. त्यावर मोर नव्हते, वेलबुट्टी नव्हती. गडद तपकिरी रंग, एक बारीक पांढरी रेघ, बाकी काही नाही. त्यांचा चेहरा पडला.

"यवढ्यात तं एक गोऱ्हा आला असता," ते म्हणाले. "गानं नसतं आलं त्याले, पन वखर तरी वढला असता."

आत्या खाली मान घालून गवत गोळा करत होती. तशीच म्हणाली, "गोऱ्ह्याच्या कानापर्यंत दोरा कोन धरला असता?"

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही फार फरक कळला नाही. आवाज मोठा होता, जरा जाडसर होता, इतकंच. शैलाने त्या दिवशी मला विचारलं असतं, तर मी तिला खुशाल दुकानातली गिटार घ्यायला सांगितलं असतं. स्वस्त वाद्याची मला उगाच निंदा करायची नाही. त्या मोरांच्या तंबोऱ्याने आत्याला लग्नापासून सोबत केली होती. शिकायला तो पुरला होता. मास्तर तर म्हणत की चांगला कान असेल तर माणूस घागरीवरही सूर धरील.

फरक कळला तो माझ्या बोटांना. मास्तरांनी मला आत्याच्या मागे तंबोरा छेडायला बसवलं. मला हे काम फार आवडलं. माणसांत बसायचं, पण काही बोलायचं नाही. चार तारा एकामागून एक, सारख्या वेगाने, सारख्या बळाने. जुन्या तंबोऱ्यावर खुंट्या सरकत. दर थोड्या वेळाने थांबून, खडू लावून तारा पुन्हा जुळवाव्या लागत, आणि आत्या सुरात शिरते आहे तोच बाहेर पडे. नव्याच्या खुंट्या लावलेल्या जागी राहत. सकाळी जुळवला की दुपारीही तसाच. तो आपल्याकडे लक्ष मागत नसे. मला वाटतं, कुठल्याही चांगल्या वस्तूची ही पहिली खूण असावी.

आणि त्याचा खर्ज. चौथी, पितळेची, सगळ्यात जाड तार. ती छेडली की आवाज कानाला नंतर कळे, आधी मांडीला कळे. भोपळा गुडघ्यापाशी टेकलेला असे, त्यातून तो हाडात शिरे. तार नुसती वाजून संपत नसे. ती उघडत जाई. दोनेक आठवड्यांनी मला त्या उघडण्यात आणखी एक स्वर ऐकू येऊ लागला. गंधार. तो कुठल्याच तारेवर लावलेला नव्हता. मी घाबरून मास्तरांना विचारलं, माझं काही चुकतं आहे का. ते म्हणाले, तो आपोआप येतो, पण वाद्य खरं असलं तरच घरात पाऊल टाकतो.

गंमत म्हणजे आतोबांनाही तो ऐकू आला. ते दुपारी जेवून ओसरीवर आडवे होत. दार आता आत्या पूर्ण लावत नसे, भेगभर उघडं राही. एक दिवस त्यांनी मला हटकलं.

"काहून वं पोरी, तार तं चारच हाय. मंग ते मधात पाचवं कोन बोलून राह्यलं?"

मी त्यांना सांगितलं. माझं वाक्य लांब होतं, मधेच तुटलं, पण ते शेवटपर्यंत थांबून ऐकत राहिले. त्या दिवसानंतर गोऱ्ह्याचं नाव निघालं नाही. उलट कुणी पाहुणा आला की ते त्याला तंबोरा दुरून दाखवत. हात लावू देत नसत.

या प्रेमापोटीच पुढचं झालं. संक्रांतीचं मोठं हळदीकुंकू त्या वर्षी आत्याकडे होतं. आणि आत्याने, कुणी आग्रह न करता, मास्तरांना सांगितलं होतं की त्या दिवशी मी म्हणीन. भूप म्हणीन, माझ्या पट्टीत. हे सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने पाण्याचा तांब्या दोनदा भरला, दोनदा ओतून टाकला. मी पाहत होते. बारा वर्षांनी ती बायकांसमोर तोंड उघडणार होती. या वेळी कुणी हसलं असतं, तर मग ती दाराआडही गायली नसती.

सणासाठी घराला चुना द्यायचा होता. चुन्याचे शिंतोडे, शिड्या, बादल्या. तंबोऱ्याला धक्का लागेल म्हणून आतोबांनी आम्हांला न विचारता दोन्ही तंबोरे उचलले आणि कापसाच्या खोलीत नेऊन, गादीत बाळ निजवावं तसे ढिगात खोल ठेवले. वऱ्हाडात जन्म गेलेल्या माणसाला कापसाहून सुरक्षित जागा सुचणार तरी कोणती? संध्याकाळी आभाळ भरून आलं. शेतातला वेचलेला माल भिजू नये म्हणून दोन गाड्या घाईघाईने आल्या, आणि दवाने ओलसर असलेला कापूस न वाळवताच गड्यांनी त्याच ढिगावर लोटला. सरकीसकट ओला कापूस दाबून पडला की आतून तापतो. हे आतोबांना लहानपणापासून माहीत होतं. त्या एका संध्याकाळी ते विसरले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ढिगात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मोरांचा तंबोरा तोंडापासून बुडापर्यंत उभा फुटला होता. मिरजेचा वरून धड दिसत होता. पण उचलताना दांडी आणि भोपळा यांच्यामधला सांधा अर्धा उघडला. आत्याने पाहिलं. ती जाऊन तुळशीपाशी बसली. आतोबा तिच्यापर्यंत दोन वेळा गेले आणि दोन वेळा अर्ध्यातून परतले. मग चप्पल घालून बाहेर पडले. आले ते किसन वाढयाला घेऊन. तो बैलगाड्यांची चाकं करणारा सुतार. तंबोरा त्याने जन्मात हातात धरला नव्हता.

किसन वाढयाने उघडलेल्या सांध्यावरून नख फिरवलं. मग फुटलेल्या तंबोऱ्याकडे पाहिलं. पुन्हा सांध्याकडे आला.

"ज्यानं हे केलं ना बाई, त्याले ठाऊक होतं का कधी तरी हे खोलाच लागन," तो म्हणाला. "मुद्दाम साध्या सरसानं जोडलं. ताव बसला, सरस सुटला, लाकूड वाचलं. त्या मोरवाल्याचं पाहा. त्याचा सांधा नाई सुटला, म्हनून भोपळाच फुटला."

शैलाच्या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर हे आहे. रंग, नक्षी, अगदी आवाजसुद्धा नंतरचा. ज्याने ते वाद्य केलं, त्याने आत्याचा विचार केला होता, तसा वाईट दिवसाचाही केला होता. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी भल्या माणसाच्या हातून चूक होईल, आणि तेव्हा कुठे सुटलेलं बरं, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. तयार वाद्य करणाऱ्यालाही हात असतात, पण तो कुणासाठी करतो आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो सगळं घट्ट चिकटवून टाकतो. मला सांभाळून बोलायची, घट्ट मिटून राहायची सवय. त्या उघड्या सांध्याकडे मी बराच वेळ पाहत बसले होते.

वाढयाने सरस विरघळवला, सांधा भरला, आतोबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून आवळून बांधल्या आणि सांगितलं, चार दिवस कुणी शिवायचं नाही. पाचव्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या सकाळी, तो आला. पट्ट्या सोडल्या, सांध्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, आता याले बैल बांधा. खोलीत तेव्हा मी एकटीच होते. आत्या तिळाचा पाक पाहत होती.

संक्रांतीच्या दुपारी घर भरलं. काळ्या साड्या, गजरे, वाणाच्या सुगड्या. मीही आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसले होते आणि तंबोऱ्याच्या आड बसल्यामुळे ती निभावून नेत होते. वकिलीणबाई पुढच्याच ओळीत होत्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही वाटतं. त्या मोकळेपणाने हसून म्हणाल्या, "मंग काय, आज भोंगा वाजते म्हनता?" दोघी-तिघी हसल्या.

आत्याही हसली. तेच हसू, बारा वर्षांपूर्वीचं असावं तसं. माझा पदर नीट करायच्या निमित्ताने ती मागे वाकली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "पांढरी चारले घे."

पांढरी चार म्हणजे पूर्ण दोन पायऱ्या वर. बाईचा आवाज जिथून बाईचा वाटू लागतो, तिथे. तिथे तिचा गळा ताणला गेला असता, सूर काचला असता, पण कुणी हसलं नसतं. छान म्हणाली, म्हणून तिळगूळ घेऊन सगळ्या घरी गेल्या असत्या.

माझा हात खुंटीवर गेला. मोठ्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. सवय कसली, धाडस नव्हतं. खुंटी हातात होती आणि ती फिरवणं सोपं होतं. या वेळी वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं नाही. ते थेट तोंडात आलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आलं.

"नाही आत्या. सांधा अजून कच्चा आहे. चढवला तर सुटेल."

बायका माझ्याकडे पाहू लागल्या. ही बोलते, हेच त्यांना नवं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि काळी दोनवर छेडायला सुरुवात केली. एक फेरी, दोन फेऱ्या. खर्ज उघडत गेला. तिसऱ्या फेरीला तो न लावलेला गंधार आला, आणि आत्याने डोळे मिटून षड्ज लावला.

त्या षड्जाचं वर्णन मला करता येत नाही. तो खाली होता, पण जड नव्हता. उन्हाळ्यात रांजणाच्या तळाशी हात जावा आणि तिथलं पाणी वरच्याहून गार लागावं, तसा. बांगड्यांचे आवाज थांबले. बाहेर ओसरीवर आतोबा पाहुण्यांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, ते बोलणंही थांबलं. वकिलीणबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा उघडा होता, तो तसाच राहिला. भूप संपला तेव्हा त्यांनीच आधी मान हलवली आणि अगदी हळू म्हणाल्या, आणखी एक म्हणा. त्यात थट्टा नव्हती. आत्याने आणखी दोन म्हटली.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघी उरलो. सतरंजीवर तीळ सांडले होते. आत्या मऊ फडक्याने एकेक तार पुसत होती. पुसता पुसता तिचा हात खाली आला आणि तिने अंगठ्याने तो सांधा दाबून पाहिला. एकदा, मग जोर लावून पुन्हा एकदा. तो दगडासारखा पक्का होता. मी फुलांच्या पाकळ्या वेचत राहिले.

"कच्चा हाय म्हने," ती म्हणाली.

तंबोरा भिंतीला टेकवून ती उठली, दारापर्यंत गेली, आणि अंगणाच्या पार टोकाला गोठ्यापाशी उभ्या असलेल्या गड्याला तिने तिथूनच हाक मारली.